न उपसलेली तार

आडवं पडलेलं एक चाक, अजून हळूहळू फिरणारं.

वाऱ्याने रस्ताभर पळणारे गणिताचे पेपर. त्यातल्या एकावर शंभरपैकी अकरा.

घोट्यापर्यंत पाण्यात बुडालेलं कुणाचं तरी स्वयंपाकघर.

"खिळा दिसला की काढायचा. विचार घरी जाऊन करायचा."

मी एक जुनी पक्कड आहे.

मित्रांनो, या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, असं तुम्हाला वाटलं असेल. थांबा, सांगते.

मी पोलादाची. भट्टीत तापले, साच्यात दाबली गेले आणि माझे दोन भाग एका जाड खिळीने जोडले गेले. नवी होते तेव्हा माझ्या दांड्यांवर लाल रबर होतं. जबड्यातली धार तर अशी, की दुकानदार गिऱ्हाइकासमोर माझ्याकडून तार कापून दाखवायचा. एका सुताराने मला पसंत केलं. जुनी दारं-खिडक्या विकत घ्यायच्या आणि त्यांच्या लाकडाचं नवं सामान करायचं, हा त्याचा धंदा. अशा लाकडात एक खिळा जरी राहिला तरी करवतीचे दात जातात. म्हणून लाकूड आलं की आधी मी. दिवसाला दोनशे खिळे मी उपसले आहेत. "माझ्या पकडीपुढे खिळ्याची काय बिशाद!" असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मी फुगून जायचे.

मग त्याचे केस पिकले आणि माझे लाडही संपले. हातोडी सापडली नाही की तो माझ्याच डोक्याने ठोकायचा. मी रात्र रात्र बाहेर भिजायचे. रबर गळून पडलं, सांधा आखडला, धारेला खाचा पडल्या. त्याची सून धंद्यात आली तेव्हा तिने मला उचलून नाक मुरडलं.

"बाबा, हिला तेल तरी दाखवा कधी."

"दात आहेत तोवर चावेल. तू तुझा रंधा बघ."

सून गप्प बसणारी नव्हती, आणि सासराही. दिवसभर त्यांचं असंच चालायचं. करवत चालू असली तरच शांतता.

एकदा एका घरातल्या स्वयंपाकघराची जुनी चौकट काढताना भिंतीत गंजका खिळा दिसला. "खिळा दिसला की काढायचा," हे नेहमीचं वाक्य म्हणत सासऱ्याने मला लावलं आणि ओढलं. तो खिळा कधीकाळी पाण्याच्या पाइपात घुसला होता आणि तेव्हापासून बूच होऊन बसला होता. असं कारंजं उडालं म्हणता! मालकीणबाईंच्या चपला तरंगत बैठकीत गेल्या. सुनेला हसू आवरेना. सासरा त्या दिवशी जेवला नाही.

आता तो रस्ता.

भर दुपारी आम्ही टेम्पोतून एक जुनं दार घेऊन येत होतो. सून चालवत होती, मी सासऱ्याच्या पायाशी पिशवीत. वळणावर एक बाई सायकलसकट पडलेल्या दिसल्या; सायकलचं मागचं चाक अजून फिरत होतं. जवळच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. पुढचं चाक खड्ड्यात गेलं होतं आणि चाकाची एक तार तुटून त्यांच्या मांडीत शिरली होती. तिचं दुसरं टोक अजून चाकातच होतं.

"बाई, हलू नका!" सून धावली.

"हलू कशी? सायकलला शिवली गेलेय मी." बाईंचा चेहरा खडूसारखा झाला होता. "माझे पेपर बघा जरा कुणीतरी."

"उडू देत. पोरं दुवा देतील तुम्हाला," सून म्हणाली.

सासरा गुडघ्यांवर बसला. त्याला लोखंड रुतलेलं दिसलं, बस्स. त्याला कळायच्या आत मी पिशवीबाहेर होते. माझा जबडा तारेवर बसला, त्याची मूठ आवळली. मलाही ओढायचंच होतं, मित्रांनो. मला दुसरं येतं काय? पण त्या तारेतून मला काहीतरी जाणवलं. टक... टक... टक. आजवर माझ्या तोंडात आलेला एकही खिळा असा धडधडला नव्हता.

"बाबा! पाइप!"

सून एवढंच ओरडली. सासऱ्याचा हात जागच्या जागी थांबला.

"पायातली पायातच राहू दे," ती म्हणाली. "चाकाकडून कापा." तिने टॉवेल दुमडून तारेभोवती लावला आणि तार जराही हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मी चावले. घसरले. पुन्हा चावले. तारेवर नुसता वळ उठला.

"तेल दाखवा म्हणत होते मी."

"आत्ता नको गं!"

त्याने दोन्ही हातांनी मला असं दाबलं की माझा सांधा करकरला. कट्. सायकल सुटली.

दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागणार होता. म्हणून टेम्पोतलं दार खाली घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांनी हात दिला, आणि बाई दारावर निजून निघाल्या. सुनेने टेम्पो असा नेला, जणू मागे काचा भरल्या आहेत.

डॉक्टर बाहेर आले ते घाम पुसतच. "तार मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून होती. रस्त्यात उपसली असती तर त्या इथवर पोचल्या नसत्या. आता काळजी नाही."

सासरा बाकावर बसला. रडला की हसला, मला नीट कळलं नाही. शेवटी नर्स म्हणाली, "काका, ती पक्कड खाली ठेवा. पेशंट घाबरतायत."

दीड महिन्याने बाई काठी टेकत दुकानात आल्या. सासरा त्यांच्याकडे बघेना.

"मी उपसणारच होतो, बाई," तो म्हणाला. "पकड बसली होती. ही ओरडली नसती तर..."

बाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "माझ्या वर्गात चुकीचं उत्तर खोडून कुणी बरोबर लिहिलं, तर मी पूर्ण मार्क देते. खोडलंय म्हणून कापत नाही."

सासऱ्याने मोठा श्वास सोडला. दीड महिना त्याने तो कुठे ठेवला होता, कोण जाणे. मग त्याने मला उचललं, कापडाने पुसलं आणि माझ्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या हत्यारांना अधूनमधून तेल द्या. त्यांची गरज कधी पडेल, ते आधी कळवून येत नाही. आणि कुणाच्या अंगात काही रुतलेलं दिसलं, तर कळवळून ओढायला जाऊ नका. ते तसंच ठेवून माणसाला दवाखान्यात न्या. मी जन्मभर उपसत आले. पण आज उरात अभिमान आहे तो त्या एका न उपसलेल्या तारेचा.

सुनेला टेम्पो शिकून त्या दुपारी चौथा दिवस होता.