ओळीच्या काठावरची मींड

चैत्रातली दुपार. तांबूस, तापट, तृषार्त दुपार. मिरजेतल्या त्या माडीवर ऊन खिडकीचे गज ओलांडून आत आलं होतं आणि टेबलावरच्या कागदांना चटके देत होतं. मुलतानी राग गाण्याची ही वेळ. गाणारा कंठ मात्र उरला नव्हता.

शस्त्रक्रियेने अंबुताईंचा आवाज कायमचा नेला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. आता त्यांच्या स्वरचित बंदिशी जगल्या तर पुस्तकातच जगणार. आणि मुलतानीच्या पानावर संगणक त्यांची मींड तोडत होता.

तीव्र मध्यमावरून कोमल गांधारावर घसरत येणारी ती मींड. आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर उगवणारी, पुढच्या समेवर विसावणारी, मधे श्वासाला तसूभर जागा न देणारी, अखंड, अनावर. पण सॉफ्टवेअरचा हट्ट असा, की प्रत्येक ओळ समेपासूनच, तालाच्या पहिल्या मात्रेपासूनच, सुरू व्हावी. मग स्वरांवर काढलेली मींडीची कमान काठाशी दुभंगे. अर्धी वर, अर्धी खालच्या ओळीत.

त्यांच्या शिष्येने, शर्वाणीने, काय नाही केलं! अक्षरं बारीक केली, समास आवळले, कमान हाताने ओढून पाहिली. पुन्हा तेच. आडमुठं, अरसिक, बहिरं यंत्र!

"अहो मॅडम, ओळ संपली की रेघ तुटणारच," छापखान्याचे रेवणकर फोनवर म्हणाले. "गाणाऱ्याला कळतं ते."

"थांबा, गाऊनच बघते."

फोन टेबलावर ठेवून ती गाऊ लागली, फक्त कागद सांगेल तसं. समोर बसलेल्या अंबुताईंचा हात टेबलावर ताल धरत होता. ओळीचा काठ आला, नजर अडली, आणि शर्वाणीने श्वास घेतला. समेवर पडायचा तळवा हवेतच राहिला.

"नाही कळत, रेवणकर!" ती फोनवर ओरडली. "मलाच नाही कळलं! ताईंपुढे बसून शिकले मी, तरी या कागदाने मला थांबवलं!"

अंबुताई उठल्या. संताप डोळ्यांत, संताप बोटांत, संताप गळ्यावरच्या मुक्या व्रणात. त्यांनी कागद हिसकावला. त्याची नळी केली, एक ओळ खाली सरकवून. वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीच्या तोंडाशी नेऊन भिडवलं. कमान जुळली. मग त्यांचं बोट नळीवरून फिरत आवर्तनाच्या मध्यावरच्या 'खाली'शी, बिनटाळीच्या मात्रेशी आलं, जिथे त्या स्वतः नेहमी श्वास घेत. तिथे त्यांनी नख रोवलं आणि कागद वरपासून खालपर्यंत टरकावला.

तोडायचंच आहे ना? मग इथे तोड!

शर्वाणी संगणकाकडे वळली. समेचा नियम उपटून टाकला, ओळी त्या 'खाली'पासून सुरू केल्या. ओळीओळीवर तांबडी चूक पेटली.

"पेट," ती म्हणाली. "खुशाल पेट!"

पडद्यावर सम आता ओळीच्या मधोमध आली होती, आणि तिच्यावर उतरणारी कमान अभंग होती. शर्वाणी पडद्यावर बघून गाऊ लागली. मध्यम आला. मध्यम कलला, ओघळला, उतरत राहिला. ताल धरत पुन्हा वर गेलेला अंबुताईंचा तो म्हातारा, रागावलेला हात खाली आला. असा आला, की टेबल हादरलं, कप कलंडला, आणि फाटक्या ओळींवरून चहा वाहत गेला.

सम आली.