तोराचं तिसरं प्रकरण

बाहेरच्या पात्राला आमच्या गटात तीन प्रकरणं मिळतात. तेवढ्यात त्याच्यामुळे मूळ मालिकेतला एक तरी माणूस बदलला पाहिजे, नाहीतर पात्र बाद. आम्ही पाचजणी मिळून एका जुन्या टीव्ही मालिकेवर फॅन फिक्शन लिहितो, म्हणजे तिचीच पात्रं घेऊन आमच्या नव्या गोष्टी. मासेमारीच्या बोटीवरचे तीन भाऊ, एवढीच मालिका. मी त्यांच्यात एक स्वयंपाकीण घातली, तोरा. तिची दोन प्रकरणं संपली होती. माझं बाळ, आस्लाक, झाल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. ती बाद व्हायला नको होती.

आमचं सगळं लिखाण आधी रान्वेग वाचते. दुपारी तिचा फोन आला.

"इंगेबोर्ग, ही बाई आहे की हवामान खातं गं? वादळ हिला आधी कळतं, दोर तुटायच्या आत ही नवा बांधते. धाकट्याला शिंक यायच्या आधी मफलर!"

"काळजी घेते बिचारी."

"घेऊ दे की! पण भावांनी करायचं काय? नुसते सूप पीत बसलेत. अजून कुणी भांडलंसुद्धा नाही."

मी खिडकीशीच उभी होते. आस्लाक बाल्कनीत बाबागाडीत झोपला होता, लोकरीत गुंडाळलेला, इथली सगळी बाळं थंडीतही बाहेर झोपतात तसा. दर पाच मिनिटांनी मी त्याच्या नाकाशी बोट धरून येत होते.

"आणि ती झोपते कधी?" रान्वेगने विचारलं.

तोराला मीच घडवलेलं, पण झोपलेली कधी पाहिली नव्हती. ही झोपली तर बोटीवर होईल तरी काय?

लिहायला बसले. शेगडीपाशी तोराला डुलकी लागली. सूप करपलं. वासाने मधला भाऊ आत आला, तिला हाक मारणार, तोच थांबला. त्याने हळूच भांडं उतरवलं आणि, मालिकाभर कशाला हात न लावलेला तो, बटाटे सोलायला बसला. थोरला हसला. दोघांची जुंपली, पण दबक्या आवाजात, तिला जाग येऊ नये म्हणून.

मान वर केली तर पाऊण तास गेलेला. धावत बाल्कनीत गेले. आस्लाक जागा होता. एक हातमोजा काढून टाकून तो कठड्यावरच्या सीगलकडे टक लावून बघत होता. माझ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

संध्याकाळी प्रकरण वाचून रान्वेगचा निरोप आला : "राहू दे हिला. फक्त इतक्यात उठवू नकोस."