नंबर वर

फ्रीजरमध्ये सुरमईच्या दोन पिशव्या, आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वीतभर लोखंडी दांडा.

*

नंबर वर. कुठलंही बेअरिंग असो, नंबर वर.

*

दर आयतारी, साडेअकरा. स्वयंपाकघरात फोन वाजतो, आणि मागच्या पडवीत कोणीतरी उगाचच ग्राइंडर चालू करतं.

*

"तो गेल्यापासून मशीन बरा चलता."

*

केकचा ओव्हन. त्यात केक नाही.

*

पेद्रूने हातोडा खाली ठेवला आणि खांदा दाबत तो स्टुलावर बसला.

शनिवारची दुपार होती. पडवीपुढे देवबागची खाडी ओहोटीने मागे गेलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. टेबलावर मिलिंग मशीनचं हेड आडवं पडलं होतं. मशीन लहानच, दोघांनी धरलं तर जागेवरून हलेल एवढं. गोव्याच्या गोदीतून निवृत्त झाल्यावर पेद्रूने ते घेतलं, आणि तेव्हापासून इथल्या होड्यांचे पंप, शाफ्ट, विंच दुरुस्त करण्यात त्याचे दिवस जात होते. गेला महिनाभर मशीन घरघरत होतं. कापलेल्या लोखंडावर बारीक लाटा उमटत. आतला फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, ज्या दोन बेअरिंगांवर उभा असतो ती झिजली होती. जुनी काढायची, नवी घालायची. पूर्वी हे काम त्याने शिट्टी मारत एका दुपारी उरकलं असतं. आज नुसता वरचा नट सुटायला दीड तास गेला होता.

बर्था चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून हातात धरूनच उभी राहिली.

"सुटलो काय नट?"

"सुटलो नाय. माका बघून कंटाळलो."

"तू पण कंटाळ मां एकदा. बाहत्तर झाली."

"सुशांताक होडी सोमवारी पाण्यात घालूची आसा. तेचो शाफ्ट कोण करतलो, तू?"

"शिकवलंस तर करीन," बर्था म्हणाली. कप त्याच्या हातात देऊन ती आत गेली.

*

खालचं बेअरिंग अखेर निघालं. पेद्रूने ते डिझेलने धुतलं, फडक्याने पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

नंबर खाली होता.

गोदीत पहिल्याच वर्षी उस्तादाने शिकवलेली गोष्ट होती ती. बेअरिंगच्या एका तोंडावर नंबर कोरलेला असतो. बसवताना तो वर ठेवायचा, म्हणजे पुढे जो कोणी मशीन उघडेल त्याला काही न काढता नंबर वाचता येतो. पुढच्या माणसाची सोय. चौतीस वर्षांच्या नोकरीत पेद्रूने एकही बेअरिंग नंबर खाली ठेवून बसवलं नव्हतं. झोपेतही बसवलं नसतं. आणि हे मशीन त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी उघडलेलं नव्हतं.

त्याने वरचं बेअरिंग पाहिलं. त्याचा नंबर वर होता.

थोडा वेळ तो दोन्ही बेअरिंगं मांडीवर घेऊन बसला. मग मोबाइलची बॅटरी लावून हेडच्या पोकळीत डोकावला. आतल्या भिंतीवर, काळ्या पडलेल्या ग्रीसखाली, त्याची स्वतःची खूण होती. काम झालं की टोकदार सळीने आत तारीख आणि नावाचं अक्षर ओरखडायचं, ही सवयही गोदीचीच. "२/१६ पे." अक्षर वाकडं, घाईचं.

त्याने फडकं आणखी आत घातलं.

खाली दुसरी खूण होती. बारीक आणि नेटकी.

"१६/४/१६ जो."

तिच्या शेजारी दोन बाण. एक वर, एक खाली, एकमेकांकडे पाठ केलेले.

*

"तो गेल्यापासून मशीन बरा चलता." हे वाक्य पेद्रूने नऊ वर्षांत कोणाकोणाला सांगितलं:

ट्रॉलरवाल्या परशुरामला, विंचचा शाफ्ट न्यायला आला तेव्हा. मिसानंतर पाद्रीला, चर्चच्या पायरीवर. कट्टा गावच्या बाजारात बर्थाच्या भावाला. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला, ज्याला "तो" म्हणजे कोण हेही ठाऊक नव्हतं.

अशा वेळी बर्था जवळ असली तर उठून आत जायची. आत तिला काहीतरी काम असायचं.

*

"तो" म्हणजे जोनाथन, त्यांचा मुलगा. तेव्हा तेवीस वर्षांचा.

दोन हजार सोळाचा एप्रिल. परशुरामच्या ट्रॉलरवरच्या, जाळं ओढणाऱ्या विंचचा शाफ्ट मशीनवर चढवला होता आणि त्यात चाक अडकवायच्या चावीची खाच कापायची होती. जोनाथन मशीनवर होता. कापता कापता दांडा खाली ओढला गेला, थरथरला, आणि खाच दोन मिलिमीटर जास्त रुंद झाली. शाफ्ट वाया गेला. परशुराम बाजूला उभा होता. शेजारचे दोघे गंमत बघायला आले होते.

"ह्येच्या हातात काम नाय," पेद्रू सगळ्यांसमोर म्हणाला होता. "ह्येना हॉटेलात ताटां उचलूची."

जोनाथनने बटण बंद केलं. ब्रशने टेबलावरचा लोखंडाचा चुरा झाडला, कोपऱ्यातलासुद्धा. मशीनवर कापड घातलं. मग हात धुवायला विहिरीवर गेला.

पुढच्या आठवड्यात पेद्रू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस मडगावला होता. तो परतला आणि दोन दिवसांनी जोनाथन गेला, आधी गोव्याला आणि मग शारजाला. त्यानंतर मशीन कधी थरथरलं नाही. पेद्रूला वेगळा पुरावा लागला नाही.

*

त्याने झिजलेलं बेअरिंग तळहातावर घेतलं आणि आतली कडी अंगठ्याने दाबली. घट्ट. उलटं करून पुन्हा दाबली. कडी कट् करून खाली सरकली.

पुन्हा पहिल्या बाजूने. घट्ट. पुन्हा उलटं. कट्.

तो बराच वेळ हेच करत राहिला.

गोदीत आयुष्यभर हाताळलेली साधी बेअरिंगं कशीही बसवली तरी चालत. ही तशी नव्हती. ती एका बाजूचाच रेटा झेलतात. म्हणून दोन लावायची तर एकाच्या उलट दुसरं लावावं लागतं. मालवणच्या दुकानदाराने तेव्हा "ही भारी" म्हणून दिली होती, आणि पेद्रूने ती बसवली होती. दोन्ही सारखी. दोन्ही नंबर वर. वरून रेटा आला की ती धरत. कापणाऱ्या हत्याराने दांडा खाली ओढला की धरायला कोणी नव्हतं.

कट्.

चहावर साय धरली होती.

*

संध्याकाळी बर्था पडवीत दिवा लावायला आली तेव्हा पेद्रू नव्या बेअरिंगांचा खोका न उघडता पुढ्यात घेऊन बसला होता.

"आता ही ठोकतलंस?"

"मगे काय करू?"

"खांदो बघ आधी." तिने दांडा उचलून बघितला. मासा उचलून बघावा तसा. "ह्यो फ्रीजरात घाल. रातभर रवांदे. सकाळी बेअरिंगां ओव्हनात गरम कर. दांडो आकसता, बेअरिंग फुगता. आपसूक बसता. ठोकूक लागणा नाय."

पेद्रूने मान वर केली. बेअरिंग म्हणजे लोखंडी नळी आणि हातोडा, एवढंच त्याला ठाऊक होतं. या घरात ओव्हनचं नाव त्याने केकशिवाय कशासाठी काढलं नव्हतं.

"कोणी सांगल्यान तुका?"

"ओव्हन माझो."

"बर्था."

"पिशयेत गुंडाळून घाल. सुरमयेक गिरीस लागात."

ती जायला वळली. पेद्रू खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलत होता. पट्टी निघत नव्हती.

"नऊ वर्सां तू बोललंस नाय."

बर्था दारात थांबली. पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"तू विचारलंस कधी? तू नुसतो सांगत होतंस."

*

रविवारी मिसाला पेद्रू मागच्या बाकावर बसला. सगळे गुडघे टेकत होते तेव्हा तो बसूनच राहिला. गुडघ्यांमुळे, असं बर्थाने शेजारणीला सांगितलं.

घरी आल्यावर तिने चांगली साडीही बदलली नाही. ओव्हनचं बटण ऐंशीवर आणलं, दोन्ही बेअरिंगं केकच्या पत्र्यावर ठेवून आत सरकवली.

"किती येळ?" पेद्रूने विचारलं.

"वीस मिनटां. शंभराच्या वर न्हेव नको."

घड्याळ न बघता ती सांगत होती.

तेवढ्या वेळात पेद्रू पडवीत जाऊन हेडची पोकळी पुन्हा पुसून आला. टोकदार सळी घेतली. नेटक्या खुणेखाली त्याने नवी ओरखडली: "१०/२५ पे." "पे" पुसट आला. मग त्याने सळी दोन बाणांवर ठेवली, आणि आधी एक, मग दुसरा, पुन्हा खोल कोरला.

गरम बेअरिंग हातात आलं की दहाएक सेकंद मिळतात. फ्रीजरमधल्या दांड्यावर दव धरलं होतं. बर्थाने केक काढायच्या जाड हातमोज्यात पहिलं बेअरिंग आणून त्याच्या चामडी मोज्यात दिलं. त्याच्या हाताने ते आपोआप फिरवलं. नंबर वर.

बर्था बघत होती.

चार सेकंद गेले असतील. पाचही.

पेद्रूने बेअरिंग उलटं केलं आणि सोडलं. ते दांड्यावरून घसरत खाली गेलं आणि तळाशी जाऊन टेकलं. ठोकावं लागलं नाही. दांडा हेडमध्ये गेला. वरचं बेअरिंग, नंबर वर. नट.

मशीन जोडून बटण दाबलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. घरघर नव्हती. नुसता एक सरळ, बारीक आवाज, भिंतीपलीकडे कोणी गुणगुणावं तसा. पेद्रू भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला बसायचं होतं.

*

साडेअकराला फोन वाजला. बर्थाने नेहमीसारखा तो ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. जेवणाची चौकशी, ताप गेला का, नातीला शाळेत घातलं का.

"मम्मी," जोनाथन मध्येच म्हणाला, "आज ग्राइंडर नाय वाजणा?"

"नाय," बर्था म्हणाली.

पेद्रू मधल्या दारात आला होता. दोन्ही हात ग्रीसने काळे, अंगापासून लांब धरलेले. ते बघून बर्थाने फोन त्याच्या बाजूला वळवला. पडद्यावर चेहरा होता. पेद्रूने तो बघितला नाही. मिठाच्या बरणीकडे बघून विचारलं,

"नट किती आवळलंस तू?"

"कसलो नट?"

"स्पिंडलचो. एप्रिलात."

फोनमध्ये मागे कुठेतरी गाडीचं दार लागलं, लहान मुलीचा आवाज आला आणि दूर गेला. बर्था गॅस बारीक करायला वळली. तो बारीकच होता.

"हातान," जोनाथन म्हणाला. "हातान, मगे पान्यान पाव फेरो. पावाक कमीच."

"मी पाव दिलंय."

"मगे जरा सैल कर. गरम होतलो. अर्धो तास चलय आणि हात लावन बघ."

"होय."

"झिजली काय?"

"नऊ वर्सां चलली," पेद्रू म्हणाला. "बरी चलली."

तिकडून मग,

"बाण दिसले?"

"दिसले."

पेद्रू वळला. नट सैल करायचा होता. पडवीत जाऊन त्याने मशीन थांबवलं, पाना लावला, केसभर मागे घेतला, पुन्हा चालू केलं. उघडा तळहात हेडवर ठेवला आणि डोळे मिटून अर्धा तास व्हायची वाट बघत उभा राहिला. आत बर्था हळू आवाजात बोलत होती. मग तिने फोन उचलून पडवीच्या खिडकीत ठेवला, मशीनकडे तोंड करून, आणि ती कांदा चिरायला गेली. फोन चालूच होता.

*

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत पेद्रूने ही बेअरिंगं पहिल्यांदा बसवली तेव्हा बॅटरी धरून शेजारी जोनाथन उभा होता, आणि एक उलटं घालायचं असतं ना, असं त्याने दोनदा विचारलं होतं.