बोहणीआधीची पायरी

पूर्णा गावच्या बाजारात वीरुपाक्षअप्पांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून अप्पा सकाळी दुकान उघडत, पायरी धुवत, आणि बोहणी होईपर्यंत त्या पायरीवर माशीलाही बसू देत नसत. माशी ऐकत नसे, हा भाग वेगळा. माणसं मात्र ऐकत.

सन चौऱ्याहत्तरचा हिवाळा. तिबेट सुटल्यापासून परमुलखात दिवस काढणारी डोल्मा नावाची बाई लहानग्या मुलीला घेऊन स्वेटर विकायला पूर्णेत उतरली. रविवारी सकाळी जरा ऊन बघून दोघी अप्पांच्या पायरीवर टेकल्या.

"ए, उठो! बोहणी नहीं हुई अभी!" म्हणत अप्पांनी तांब्या पायरीवर ओतला. मुलीचा फ्रॉक भिजला.

"अप्पा, लेकरू हाय ते," समोरचा पानवाला भगवानराव म्हणाला.

"लेकरू हाय, पर गिऱ्हाईक न्हाई!"

अप्पांनी उठवलं म्हटल्यावर बाकीच्या दुकानदारांनीही उठवलं. बाजारात एका शहाण्याचं बघून दहा शहाणे होतात. बसायला जागाच नाही, तर धंदा कुठे करायचा? संध्याकाळच्या गाडीने परत जायचं ठरवून डोल्मा स्टेशनवर जाऊन बसली.

दुपारी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये फुकट सिनेमा होता, म्हणून अप्पा आवर्जून गेले. राजाविरुद्ध बोलला म्हणून हद्दपार झालेल्या एका मास्तराचं पोर परक्या शहरात वणवण फिरतं, अशी गोष्ट होती. भाषा कुणालाच कळत नव्हती; पण रडायला दुभाषी लागत नाही. अप्पांचं उपरणं ओलं झालं. तेवढ्यात ते पोर बर्फात कुडकुडत एका पाववाल्याच्या पायरीवर बसलं, आणि पाववाल्याने त्याला झाडूने हुसकलं.

अप्पा ताडकन उभे राहिले. "अरे मेल्या, बसू दे की लेकराला! तुझ्या पायरीचं काय सोनं झडायलंय?"

हॉलभर माना अप्पांकडे वळल्या. मग मागून भगवानरावचा शांत आवाज आला, "अप्पा, त्याची बोहणी झाली नसंल."

सगळा हॉल खदखदून हसला! अप्पा खाली बसले. पुढचा सिनेमा त्यांनी आपल्या चपलांकडे बघत पाहिला.

तरीही माणूस सहजासहजी सुधारतो थोडाच! घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "शिवम्मा, त्या सिनेमातल्या पोरासाठी एक घोंगडी पाठवता यील का? लय हाल चाललेत बिचाऱ्याचे."

पानवाल्याच्या बायकोकडून सकाळची हकिकत आणि मायलेकी स्टेशनवर बसल्याचं शिवम्माच्या कानावर आलंच होतं. तिने हातातली परात खाली ठेवली.

"पडद्यावरल्या पोराला कशाला घोंगडी? दिवे लागले की ते जातंय. तुमी सकाळी भिजवलेली पोरगी मात्र टेशनावर कुडकुडायलीय. जंगम स्वामी दारी आला की दासोहाचं अन्नदान म्हणून ताट वाढता, आन् देश सुटलेलं लेकरू आलं की पाणी वतता? अवो, कुणीतरी त्यांना देशातून काढलं, तुमी पायरीवरून. काढणाऱ्याची सत्ता मोठी, तुमची दीड हाताची. काम एकच!"

अप्पांनी घोंगडी उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

त्यांना लांबून बघताच डोल्मा न सांगताच उठली आणि गाठोडं बांधू लागली. मुलीने फ्रॉक मुठीत गच्च धरला. अरेरे! उभ्या आयुष्यात अप्पा कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आज एक लेकरू त्यांना बघून भिंतीला चिकटलं होतं!

"उठो मत, बाई," अप्पा म्हणाले. "सुबह मेरे कू अकल नहीं थी. चलो, मेरी पायरी पे बैठो. घर में भाकरी भी है."

डोल्माने विचारलं, "कितने दिन?"

जिथे जाईल तिथे हाच प्रश्न विचारायची तिला सवय झाली असावी. अप्पांनी खाली वाकून मुलीच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"दुकान मेरा है, तब तक."

गाडी आली आणि गेली. दोघी मागे राहिल्या.

मंडळी, ज्याचा देश सुटला त्याला देश परत देणं तुमच्या-आमच्या हातात नाही. बसायला जागा देणं आहे. सिनेमातल्या लेकरासाठी जरूर रडावं. फक्त डोळे पुसून झाल्यावर, आपण आज कुणाला उठवलं, एवढं आठवून पाहावं. आणि आठवलंच, तर गाडी सुटायच्या आत स्टेशन गाठावं!