लिव्हिओचा उजवा हात

क्रोएशियातल्या रियेका बंदराच्या गोदीत लिव्हिओ ब्रुसिचचा उजवा हात जहाज ओढायच्या दोरात सापडून कोपराखाली तुटला, त्याला तीन वर्षं झाली होती. हात गेला, पण दुखणं गेलं नाही. नसलेली मूठ सदा आवळलेली असायची, नखं तळव्यात रुतल्यासारखी वाटायची. जेवता जेवता तो चमचा टाकून उठायचा.

शेवटी डॉक्टरांनी त्याच्या मानेच्या मणक्यात एक बारीक तार बसवली आणि कमरेच्या वर, कातडीखाली बॅटरीची डबी. तारेवर आठ इलेक्ट्रोड. त्यातल्या कुठल्यातून किती वीज सोडायची, हे नेवेन्का नावाची तरुण तंत्रज्ञ टॅबलेटवर ठरवायची. पहिल्याच दिवशी तिने दुखणं पार घालवलं. लिव्हिओची बायको ओंदिना तिच्या गळ्यात पडून रडली.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले.

"काय बार्बा, दुखतंय का पुन्हा?" नेवेन्काने विचारलं. तिकडे वयस्कर माणसाला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.

"नाही गं. काहीच नाही. हातसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"दुखायचा, पण होता. सकाळी जाग आली की आधी तो जाणवायचा. आता कोपराखाली नुसती हवा. काढून टाकलेला हात तुम्ही पुन्हा काढून टाकलात."

"तीन वर्षं ह्याच्या शिव्या खाल्ल्या मी!" ओंदिना उसळली. "आता कुठे घरात शांतता आली, तर ह्याला दुखणं परत हवंय. तार डोक्यातच घालायला हवी होती."

"तुझ्या जिभेला लावली असती तर जास्त शांतता झाली असती," लिव्हिओ म्हणाला.

नेवेन्काला हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांकडे बघून तिने ते आवरलं. "बघू या," ती म्हणाली. "पण थोडं दुखेल हं."

तिने वीज कमी केली. इलेक्ट्रोडच्या जोड्या बदलत गेली. एका जोडीने खांद्यात मुंग्या आल्या, दुसरीने मान आखडली. तासभर असाच गेला. मग सहावा इलेक्ट्रोड जोडीत घेतल्यावर लिव्हिओने श्वास रोखला.

"अंगठा," तो म्हणाला. "अंगठा आला."

नेवेन्काने अगदी कणाकणाने वीज वाढवली. पहिलं बोट आलं, मग मधलं, मग अनामिका. मूठ सैल होत होती. करंगळी काही आली नाही. तळव्यात जुनी कळ होती, पण सोसवेल इतकी.

"अजून वाढवू?"

"नको. थांब. पळून जाईल."

त्याचा चेहरा पाहून ओंदिनाने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. नेवेन्काने त्याच्या घरी न्यायच्या रिमोटवर दोन बटणं लावून दिली: एक शांत झोपेसाठी, एक हातासाठी.

परतीच्या बसमध्ये लिव्हिओने दुसरं बटण दाबलं. ओंदिना त्याच्या उजव्या बाजूला बसली होती.

"कुठे आहे आत्ता?" तिने हळूच विचारलं.

"गुडघ्यावर."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थोडा वर."

तिने हात वर सरकवला. तिचा स्पर्श त्याला मांडीवर जाणवला, बोटांना नाही. बोटं तिच्या हाताखाली तशीच ताटकळत राहिली. तो खिडकीबाहेर समुद्राकडे बघत म्हणाला, "हां, इथेच."