शेवटची सोळा पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, आणि मित्रांनो, जरा घाबरवणारी आहे. भुताखेतांची नाही हं. माझ्यात एकही भूत नाही. माझ्यात एक शहर आहे आणि त्या शहरातल्या घरांना दारं नाहीत.

ती सरकारनंच काढून नेली. चोऱ्या थांबतील, कुणी एकटं पडणार नाही, आजाऱ्याची हाक शेजाऱ्याला ऐकू जाईल, असं गोड बोलून नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हळूहळू कोण कुणाशी हळू बोलतं, कोण उशीत तोंड खुपसून रडतं, यावरही पहारा बसला. अशा त्या शहरात एक सुतारीण गुपचूप एक दार बनवते. तिची गोष्ट म्हणजे मी.

आमच्यासारख्या कादंबऱ्यांना डिस्टोपियन म्हणतात. नाव तोंडात बसत नाही, पण अर्थ सोपा आहे. सगळे सुखात आहेत अशा कल्पनेतल्या जगाला युटोपिया म्हणतात. त्याच कापडाची उलटी बाजू म्हणजे डिस्टोपिया. माझ्या बहिणींपैकी एकीत यंत्रं राज्य करतात, एकीत पाणी संपलं आहे, एकीत लोकांना जुनं काही आठवायला बंदी आहे. आम्ही भविष्य सांगत नाही. आज तुमच्या आजूबाजूला जे थोडंसं चाललं आहे ते असंच वाढत गेलं तर काय होईल, एवढंच आम्ही दाखवतो.

ग्रंथालयात आले तेव्हा माझा काय तोरा होता! माझ्यासाठी लोक नंबर लावायचे. हाताळून हाताळून माझी शिवण सैल झाली, तेव्हा मला बाइंडरकडे पाठवलं. हा बाइंडर हाताचा फार चांगला, पण दोन पुस्तकं एकदम बांधायची त्याची सवय. माझ्या जोडीला त्यानं शिवणकामाचं एक पुस्तक घेतलं. दोघींची उंची एक, पानंही नेमकी दोनशे चाळीस. कडा कापताना प्रत्येक पानावर वर छापलेलं पुस्तकाचं नाव गेलं, खाली पानांचे आकडे तेवढे राहिले. तो आकडे बघूनच पानं लावायचा. "वाचत बसलो तर खळ वाळते," असं म्हणायचा. झालं! माझी शेवटची सोळा पानं गेली तिकडे, आणि तिची आली माझ्याकडे.

तेव्हापासून माझी सुतारीण दार पूर्ण करते, जिन्यावर बुटांचा आवाज येतो, ती वळून बघते आणि पुढच्या पानावर सुरू होतात बटणं लावण्याच्या चार पद्धती.

लोक वैतागले. एका प्राध्यापकांनी मात्र समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'अप्रतिम. व्यवस्थेपुढे माणूस अखेर बटणापुरता उरतो.' पुढे कित्येक वर्षं ते हेच वर्गात शिकवत होते म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मित्रांनो, माझी पानं कुठे लांब नव्हती. समोरच्याच कपाटात होती. महिन्यातून एकदा एक टेलरकाकू ते शिवणाचं पुस्तक घेऊन जायच्या आणि माझी पानं माझ्या डोळ्यांसमोरून दाराबाहेर जायची. माझा जीव तुटायचा. हाक मारायला तोंड नाही, मागे जायला पाय नाहीत. मला एकच आस होती, कुणीतरी मला एकदा तरी पुरतं वाचावं.

पण हळूहळू मला कुणी हात लावेनासं झालं. ग्रंथपाल सरांचा नियम होता, सात वर्षं बाहेर न गेलेलं पुस्तक बाद. एका सकाळी त्यांनी मला रद्दीच्या ढिगावर ठेवलं. दुपारी रद्दीवाला येणार होता.

तेवढ्यात टेलरकाकू शिवणाचं पुस्तक परत करायला आल्या. माझं राखाडी कापड त्यांच्या पुस्तकासारखंच, म्हणून त्यांनी मला उचललं. पहिली ओळ वाचली आणि मला घेऊन थेट सरांच्या टेबलाशी आल्या.

"सर, ही सुतारीण! मी तुम्हाला विचारलं होतं ना, ही बाई कोण म्हणून?"

"हो, आणि मी म्हटलं होतं, शिवणकामात सुतारीण कुठून आली," सर हसले. "जाऊ द्या काकू, बाद आहे ती. तिला धड शेवटही नाही."

"शेवट माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या.

सरांनी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडली आणि कपाळावर हात मारला. काकूंनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि तिथेच टेबलावर आम्हा दोघींची शिवण उसवली. बटणांची पानं हातात घेऊन त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी झबल्यांना बंदच लावत आले. लोकांना वाटलं फॅशन आहे." मग माझी पानं त्यांनी एकेक टाका घालून मला लावली. काय वाटलं ते मला सांगताही येत नाही.

काकूंनी मला घरी नेलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शेवट त्यांना पाठ होता. शिपाई दार फोडतात आणि सुतारणीला घेऊन जातात. तरी दोनशेव्या पानाशी येताच त्या पुटपुटू लागल्या, "अगं, आता तरी नीघ तिथून. पळ ना, बाई."

सून हसली. "आई, शेवट माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला माहीत आहे गं," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "तिला कुठे माहीत आहे?"

मित्रांनो, हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. आम्हाला जपा. आमची पानं दुमडू नका, फाडू नका, कंटाळून मधेच मिटू नका. माझ्या सुतारणीला आता कुणी सावध करू शकत नाही, काकूसुद्धा नाहीत. तुम्हाला मात्र आम्ही वेळेवर सांगू शकतो, फक्त शेवटपर्यंत वाचा.