दाजींना हवा तसा आवाज

गॅरेजात त्याला पक्कड्या म्हणत, कारण एकदा धरलेला राग तो सोडत नसे. आणि दाजींवर, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, त्याचा राग फार जुना होता. गॅरेज दाजींचं, राबणारे हात पक्कड्याचे, आणि वाहवा कुणाची? दाजींची! फुकटचा बडेजाव नुसता.

"मेहुणे, गाडी अशी गुरगुरली पाहिजे की अख्ख्या गल्लीला कळावं, मी आलो!" दाजींनी नवा कॅमशाफ्ट टेबलावर आपटला.

पक्कड्यानं त्यावरून बोट फिरवलं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. याचे उंचवटे थेट शर्यतीचे होते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहणार, उभी गाडी धडधडत लंगडणार, जोर येणार तो सुसाट पळतानाच.

"दाजी, गल्लीत पिकअप मरेल. शिवाय..."

"तुझी अक्कल मागितली का कुणी? माझ्या घरचं खातोस आणि माझ्याच डोक्यावर मिरे वाटतोस? सांगितलं तेवढं कर!"

दोघे मेकॅनिक फिसकन हसले. पक्कड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'शिवाय'च्या पुढचं त्यानं गिळून टाकलं.

पुढचं होतं ब्रेकचं. असा कॅम बसला की उभ्या इंजिनाची हवा ओढायची ताकद घटते, आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर त्याच ओढीवर चालतो. एकदा दाबा, दोनदा दाबा, तिसऱ्यांदा पायाखाली दगड. मग जीव खाऊन दाबला तरच लागायचा. एक छोटा पंप जोडला की काम भागत होतं. पण नाही म्हणजे नाही! भोगा म्हणावं आपल्या कर्माची फळं.

त्यानं कॅम बसवला, अगदी मन लावून.

दुसऱ्या दिवशी दाजींनी आवारात गाडी सुरू केली. धडक, धडक... धडक. गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. दाजींची छाती फुगली, आणि पक्कड्याच्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. आता फाटकाशी पोचले की कळेल!

तेवढ्यात दाजी खाली उतरले. "ये गं, पहिली फेरी तुझी! बघू देत लोकांना."

चपला अडकवत ताई घरातून आली आणि हसत स्टिअरिंगमागे बसली. आवारापासून रस्त्यापर्यंत चांगलाच उतार होता.

"ताई, उतर! उतर म्हणतो ना!"

त्या धडधडाटात कुणाला काय ऐकू येणार? गाडी सरकली. ताईनं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि तिचा चेहरा उतरला. पक्कड्या जिवाच्या आकांतानं धावला. खिडकीतून अंग आत घालून त्यानं हँडब्रेक खेचला. गाडी फाटकाच्या खांबाला घासून थांबली. समोरून एक ट्रक हॉर्न देत निघून गेला.

"ब्रेकला काय झालं रे?" दाजी पांढरेफटक पडले होते.

"या कॅमनं बूस्टरची ओढ जाते. पंप लावायला हवा होता," पक्कड्या धापा टाकत बोलून गेला.

ताईनं चावी फिरवली. आवाज बंद झाला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"ताई, शप्पथ, तू बसशील असं मला वाटलंच नव्हतं!" पक्कड्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग कोण बसणार होतं?" तिनं विचारलं, आणि खांद्यावरचा त्याचा हात झटकून टाकला.